रुमाल टाकून धरलेली जागा

मराठी मंडळात तुम्ही 'कॉम्प्युटरवाले' आहात हे एकदा जगजाहीर झालं की मग सुटका नाही. गणपतीच्या जेवणाच्या रांगेत, एका हातात कागदी ताट आणि दुसऱ्या हातात मठ्ठ्याचा पेला अशा अवस्थेत कुणीतरी गाठतंच आणि विचारतं, "अहो, आमच्या डेस्कटॉपवर ती लॉक स्क्रीन सारखी सारखी येते. कायमची बंद कशी करायची?" उत्तर दोन मिनिटांचं आहे, ते शेवटाकडे देतोच. पण हे कुलूप मुळात आलं कुठून, कुणापासून काय राखायला आलं, आणि आपल्या दिवाणखान्यातल्या टेबलावर कसं येऊन बसलं, ही गोष्ट उत्तरापेक्षा रंजक आहे. शिवाय तिचा पहिला अर्धा भाग मी राहतो त्या बॉस्टनच्या शेजारी, नदीपलीकडच्या केंब्रिजमध्ये घडलेला. तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

१९६० च्या सुमाराला संगणक वापरायचा म्हणजे आपला प्रोग्रॅम कार्डांवर भोकं पाडून तयार करायचा, तो गठ्ठा ऑपरेटरच्या हवाली करायचा आणि उत्तरासाठी बहुधा दुसऱ्या दिवशी यायचं. एक स्वल्पविराम चुकला असेल तर परत कार्ड, परत गठ्ठा, परत 'उद्या या'. (आपल्याकडच्या सरकारी कचेरीत हेलपाटे घातलेल्यांना यात नवीन काही वाटणार नाही.) हा जाच कमी करायला एमआयटीतल्या फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस नावाची प्रणाली तयार केली. १९६१ च्या नोव्हेंबरात तिचं पहिलं प्रात्यक्षिक झालं आणि १९६३ पासून ती नियमित वापरात आली. कल्पना अशी की यंत्र एकच, पण ते प्रत्येकाला सेकंदाचा एक छोटासा तुकडा देत इतक्या भराभर सगळ्यांकडे फिरतं, की प्रत्येकाला वाटावं हे माझ्या एकट्याचंच आहे. त्यांचं आयबीएम ७०९४ हे यंत्र तीस लाख डॉलरच्या घरातलं, आणि त्यावर एका वेळी साधारण तीस माणसं टाइपरायटरसारख्या टर्मिनलवर बसून काम करत.

आता तीस बिऱ्हाडं एका वाड्यात आली म्हटल्यावर भानगडी आल्याच. सगळ्यांच्या फाइली एकाच डिस्कवर, आणि एवढ्या महाग यंत्राचा वेळ प्रत्येकाला मोजूनमापून द्यायचा. म्हणून प्रत्येकाला नाव आणि पासवर्ड. टर्मिनल कागदावर छापत असे, त्यामुळे पासवर्ड टाइप करताना तेवढ्यापुरती छपाई बंद व्हायची. आज पासवर्डच्या जागी जे काळे ठिपके दिसतात त्यांचे हे खापरपणजोबा. कॉर्बातोंना यात काही थोर शोध लावला असं कधी वाटलं नाही. प्रत्येकाला एकेक कुलूप देणं हा सरळ साधा उपाय होता, असंच ते पुढे मुलाखतींत सांगत. (पासवर्ड हे एक दुःस्वप्न होऊन बसलंय, अशी कबुलीही त्यांनी २०१४ मध्ये दिली. २०१९ मध्ये ते ९३ व्या वर्षी गेले.)

माझ्या मते या पासवर्डला कुलूप म्हणण्यापेक्षा रेशनकार्ड म्हणावं. आणि रेशनकार्ड म्हटलं की त्याचं पुढे काय होतं हे आपल्याला माहीत आहे!

१९६२ मध्ये ॲलन शेर नावाच्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला आठवड्याला चार तास मिळत. त्याचं काम सिम्युलेशनचं. चार तासांत ते उरकेना. त्या यंत्रावर अशी सोय होती की एक कार्ड भरून दिलं तर हवी ती फाइल छापून मिळे. शेरने शुक्रवारी रात्री कार्ड टाकलं आणि पासवर्डांची फाइलच मागवली. शनिवारी सकाळी जाऊन छापील कागद घेऊन आला. पाप एकट्याच्या माथी नको म्हणून त्याने ही यादी इतरांनाही वाटली. त्यातला एक मोहरा म्हणजे जे. सी. आर. लिकलायडर, ज्यांचं नाव इंटरनेटच्या इतिहासात आदराने घेतात ते. त्यांनी प्रयोगशाळेच्या संचालकांच्याच खात्यात शिरून खोडसाळ निरोप ठेवले, असं शेर सांगतो. त्याने स्वतःचा प्रताप उघड केला तो तब्बल पंचवीस वर्षांनी. संगणकाच्या इतिहासातली ही बहुधा पहिली पासवर्डचोरी. चोरीला गेलं काय, तर तास!

त्याच सीटीएसएसवर काही वर्षांनी आणखी एक गंमत झाली. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फाइली दुरुस्त करत होते. एक रोज लॉगिन झाल्यावर दिसणाऱ्या सूचनेची, दुसरी पासवर्डांची. संपादकाच्या प्रोग्रॅमने दोन्हींसाठी एकाच नावाची तात्पुरती फाइल वापरली आणि दोन्हींची अदलाबदल झाली. परिणाम असा, की जो कोणी लॉगिन करेल त्याच्यापुढे 'आजची सूचना' म्हणून सगळ्यांचे पासवर्ड छापून येऊ लागले. तोही दिवस शुक्रवार, संध्याकाळी पाचची वेळ. ज्यांना मग बसून एकेकाचा पासवर्ड बदलावा लागला त्यांच्या शनिवार-रविवारचं काय झालं असेल ते चाकरमान्यांना सांगायला नको.

याच एमआयटीत, टेक्नॉलॉजी स्क्वेअरमधल्या ५४५ क्रमांकाच्या इमारतीच्या नवव्या मजल्यावर, मात्र वेगळंच वारं वाहत होतं. तिथल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वतःची वेगळी प्रणाली लिहिली आणि सीटीएसएसला चिडवायला तिचं नाव ठेवलं आयटीएस. सीटीएसएसमधला 'सी' म्हणजे कम्पॅटिबल, मिळतंजुळतं; तर हे मुद्दाम इनकम्पॅटिबल, न जुळणारं! त्यात सुरुवातीला पासवर्ड नव्हताच. कुणीही यावं, कुणाचीही फाइल उघडावी, चूक दिसली तर दुरुस्त करावी. प्रणाली बंद पाडण्याचा आदेशसुद्धा सर्वांना खुला, त्यामुळे ती बंद पाडण्यात कुणाला मर्दुमकी वाटत नसे. एखाद्या प्राध्यापकाने टर्मिनल आपल्या खोलीत ठेवून दाराला कुलूप लावलं, तर ते उघडणं हा तिथल्या मंडळींना आपला हक्क वाटे. वेळ पडली तर छतावरच्या पोकळीतून सरपटत जाऊन.

तिथेच वाढलेला रिचर्ड स्टॉलमन, ज्याने पुढे मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी केली, त्याचा तर पासवर्डावर भारी राग. १९७७ च्या सुमाराला शेजारच्या संगणकशास्त्र प्रयोगशाळेने पासवर्ड लावले, तेव्हा त्याने ते उलगडून काढले आणि लोकांना निरोप धाडले, की तुमचा पासवर्ड अमुक आहे असं दिसतं. त्याऐवजी नुसतं एंटर दाबा की, टाइप करायला सोपं आणि निदान सुरक्षिततेचं ढोंग तरी नाही. पाचातल्या एकाने त्याचं ऐकलं म्हणे. मला हा सगळा प्रकार पूर्ण पटतो असं नाही, कारण न विचारता दुसऱ्याचं कुलूप उघडून 'बघा, किती कच्चं होतं' म्हणणारा शेजारी मला नको आहे. पण त्याचा मुद्दा खोडून काढणं कठीण. कुलूप लावण्याचा अधिकार ज्याच्या हातात, यंत्र त्याचं.

हे झालं दारावरचं कुलूप, आत शिरतानाचं. आपल्याला छळणारं कुलूप वेगळं. आत बसलेला माणूस चहाला उठला की लागणारं. त्याचा एक जुना पूर्वज बर्कलीच्या बीएसडी युनिक्समध्ये सापडतो. आदेशाचं नाव 'लॉक'. तो दिला की प्रोग्रॅम एक परवलीचा शब्द मागून घेई आणि तो परत टाइप करेपर्यंत टर्मिनल अडवून ठेवी. त्याच्या माहितीपानावरचं एका ओळीतलं वर्णन मला फार आवडतं. 'टर्मिनल सुरक्षित करा' असं तिथे म्हटलेलंच नाही. म्हटलंय, टर्मिनल राखून ठेवा. आणि गंमत म्हणजे पंधरा मिनिटांत तुम्ही परत आला नाहीत तर हे कुलूप आपोआप उघडायचं! म्हणजे आजच्या नेमकं उलट.

यात विचित्र काहीच नाही. विद्यापीठातली टर्मिनलं मोजकी, बाहेर रांग लागलेली. तुम्ही लघुशंकेला गेलात तर जागा राखायची; जेवायला जाऊन गप्पा मारत बसलात तर बाकीच्यांनी का ताटकळावं? एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकून जागा धरतात, तोच न्याय. रुमालाला मान आहे, पण गाडी सुटेपर्यंतच.

मग १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला. त्याला पासवर्ड नाही, लॉगिन नाही, काही नाही. बटण दाबा, काम करा. एका माणसाचं एक यंत्र, तर कुलूप कशाला? १९८४ च्या पीसी-एटीला मात्र पुढच्या बाजूला खरंखुरं किल्लीचं कुलूप आलं. फिरवलं की कीबोर्ड बंद. पुढे नकली पीसीच्या कॅबिनेटांवरही ते आलं. आपल्याकडे नव्वदीच्या सुरुवातीला ज्यांनी नोकरी केली त्यांना ती बारकी गोल किल्ली आठवत असेल. पण आपल्याकडचं खरं कुलूप खोलीला असे. चपला बाहेर काढून, एसीच्या गारव्यात, जणू गाभाऱ्यात शिरावं तसं शिरायचं. किल्ली साहेबांच्या ड्रॉवरमध्ये. असो.

याच वेळी दुसऱ्याच एका कारणाने पडदा काळा व्हायला लागला होता. जुन्या काचेच्या मॉनिटरवर एकच चित्र तासन्‌तास राहिलं तर आतल्या फॉस्फरवर त्याचा कायमचा डाग पडे. त्यावर जॉन सोचा यांनी (पुढे नॉर्टन कमांडर लिहिणारे तेच) १९८३ च्या डिसेंबरात एका मासिकात छोटासा प्रोग्रॅम छापला. तीन मिनिटं कुणी काही दाबलं नाही तर पडदा काळा. उद्देश काच वाचवण्याचा. याचा आणि गुपितांचा काडीचाही संबंध नव्हता. पुढे त्यातून उडते टोस्टर आणि काय काय आलं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांनी तासन्‌तास पाहिलंय.

लग्न लागलं ते इथे. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये स्क्रीनसेव्हरला पासवर्ड लावायची सोय घरोघर पोचली. काच वाचवायला ठेवलेलं घड्याळ आणि जागा राखायला ठेवलेला रुमाल यांची गाठ बांधली गेली आणि 'तुम्ही काही वेळ गप्प बसलात म्हणजे तुम्ही तुम्हीच आहात का हे परत विचारलं पाहिजे' ही आजची रीत रुळली. कुलूप मात्र कागदी. यंत्र बंद करून चालू केलं की मोकळे. विंडोज ९५ ची लॉगिनची चौकट तर एस्केपचं बटण दाबलं तरी बाजूला व्हायची.

खरं कुलूप आलं विंडोज एनटीबरोबर, १९९३ मध्ये. त्यात कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबल्याशिवाय लॉगिनच होत नसे. ही तीन बटणं आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली यांनी पीसी पटकन परत चालू करण्यासाठी योजली होती. एनटीने ती घेतली याला कारण आहे. ही जोडी थेट प्रणालीच्या गाभ्यापर्यंत पोचते, मध्ये कुठलाही साधा प्रोग्रॅम ती अडवू शकत नाही. त्यामुळे कुणी लॉगिनच्या चौकटीचं हुबेहूब चित्र मांडून तुमचा पासवर्ड लाटायचा बेत केला, तर तो फसतो. पीसीच्या विसाव्या वाढदिवसाला, २००१ मध्ये, बिल गेट्स शेजारी बसलेले असताना ब्रॅडली म्हणाले, की शोध मी लावला असेन, पण तो प्रसिद्ध केला बिलने. गेट्सचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

त्याच वर्षीच्या विंडोज एक्सपीत दोन परस्परविरोधी गोष्टी शेजारी शेजारी आल्या. एकीकडे विंडोजचं बटण आणि 'एल' दाबलं की लगेच कुलूप. दुसरीकडे घरगुती आवृत्तीत पासवर्डाशिवाय थेट आत. आणि त्यात एक शहाणपणाची खुबी होती, जी फार थोड्यांना माहीत असते. ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्यात नेटवर्कवरून कुणालाच शिरता येत नसे. समोर खुर्चीत बसलेल्यालाच प्रवेश. म्हणजे '१२३४' असा भिकार पासवर्ड ठेवण्यापेक्षा कोरा पासवर्ड परवडला. धोका घरातून आहे की बाहेरून, हा प्रश्न कुणीतरी नीट विचारला होता!

ऑफिसांनी तो विचारायचं सोडून दिलं. अमेरिकेत आरोग्यविषयक माहितीचे नियम २००३ मध्ये आले, त्यात ठरावीक वेळाने आपोआप लॉगऑफ. क्रेडिट कार्डांच्या नियमांत पंधरा मिनिटं. (बर्कलीची तीच पंधरा मिनिटं! तेव्हा कुलूप उघडायला, आता लावायला.) रॉस कॉपल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये इस्पितळांतल्या पळवाटांवर एक निबंध लिहिला. तो वाचून हसावं की रडावं कळत नाही. माणूस जवळ आहे की नाही हे ओळखणाऱ्या सेन्सरवर डॉक्टर-नर्सेस थर्मोकोलचे कप पालथे घालत. एके ठिकाणी गटातल्या सर्वांत कनिष्ठ माणसाचं कामच हे, की सगळ्यांच्या कीबोर्डवरचा स्पेसबार अधूनमधून दाबत राहायचा. पुढे २०२० नंतर घरून काम सुरू झालं आणि माउस आपोआप हलवणाऱ्या खेळण्यांचा धंदा तेजीत आला. कुलूप लागू नये म्हणून, आणि साहेबाला आपण जागेवर दिसावं म्हणून. २०२४ मध्ये इथल्या एका मोठ्या बँकेने असली कीबोर्डची खोटी हालचाल केल्याबद्दल डझनभराहून अधिक लोकांना नारळ दिला. साठ वर्षांपूर्वी शेरला यंत्राचे तास चोरावे लागले होते, आता यंत्र माणसाचे तास मोजू लागलं होतं.

आणि मग आला २०१२ चा विंडोज ८. आज जिला आपण लॉक स्क्रीन म्हणतो, ते डोंगर-समुद्राचं चित्र आणि त्यावरचं मोठं घड्याळ, ती डेस्कटॉपवर आणली ती याने. उचलली कुठून? फोनवरून. फोनला तो पडदा हवाच, नाहीतर खिशातल्या खिशात बटणं दाबली जाऊन भलत्याला फोन लागतो. डेस्कटॉप कुणी खिशात घालत नाही. तरी आला. बरं, हा पडदा म्हणजे कुलूपही नाही. कुलूप त्याच्या मागे आहे, पडदा बाजूला सारल्यावर. काढून टाकायची सोय होती, पण २०१६ च्या उन्हाळ्यातल्या विंडोज १० च्या आवृत्तीत ती प्रो घेणाऱ्यांकडूनही काढून घेतली आणि मोठ्या कंपन्यांच्या व शाळांच्या आवृत्त्यांपुरती ठेवली. पैसे मोजून घेतलेल्या यंत्रावरचं चित्र काढायलाही परवानगी नाही म्हटल्यावर मला स्टॉलमनची आठवण झाली.

आता घरातलं. आईबाबा सहा महिन्यांसाठी आले होते. हॉलमधला डेस्कटॉप दिवसभर बाबांच्या ताब्यात. मराठी वर्तमानपत्रं, जुनी नाट्यगीतं, भावंडांना ईमेल. ते एका बोटाने सावकाश टाइप करतात, मध्येच विचार करत थांबतात. थांबले की कुलूप. चौथ्या दिवशी म्हणाले, "तुझ्या घरात मी दर दहा मिनिटांनी दार वाजवायचं का रे?" आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. नाशिकच्या घरी गोदरेजच्या कपाटाला कुलूप असे आणि किल्ली त्याच कपाटाच्या डोक्यावर. ती कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक, चोराला नाही. त्या रात्री मी कुलूप काढलं.

दुसरा प्रसंग कठीण. ओळखीतले एक गृहस्थ अचानक गेले. विम्याचे कागद, कराचे हिशेब, मुलांचे लहानपणापासूनचे फोटो, सगळं त्यांच्या डेस्कटॉपवर, आणि पासवर्ड फक्त त्यांना माहीत. वहिनी आठवडाभर त्या पडद्यासमोर बसून मुलांच्या जन्मतारखा टाइप करत होत्या. मी डिस्क काढली, दुसऱ्या यंत्राला जोडली, अर्ध्या तासात सगळं हाती आलं. कारण डिस्क कूटबद्ध केलेली नव्हती. चोराने यंत्र उचलून नेलं असतं तर त्यालाही अर्धा तासच लागला असता. बायकोला मात्र आठवडाभर बाहेर ठेवलं.

तेव्हा आता उत्तर. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग अकाउंट्स, मग साइन-इन ऑप्शन्स. तिथे 'तुम्ही दूर गेला असाल तर परत साइन-इन कधी मागायचं' या अर्थाचा प्रश्न आहे, त्यापुढे 'नेव्हर' निवडा. स्क्रीनसेव्हरच्या चौकटीत 'ऑन रिझ्यूम' ची खूण असेल तर ती काढा. मॅकवर सेटिंग्जमधल्या लॉक स्क्रीनच्या पानावर आणि लिनक्सच्या ग्नोममध्ये प्रायव्हसीच्या पानावर अशीच सोय आहे. (लिनक्सवाल्यांना एक किस्सा. २०२१ मध्ये एका घरातल्या पोरांनी बाबाच्या लिनक्स मिंटच्या लॉक स्क्रीनवर खऱ्या आणि पडद्यावरच्या कीबोर्डची बटणं धडाधड बडवली आणि कुलूपच कोसळलं. बाबाने ती चूक रीतसर कळवली.) चालू करतानाचाही पासवर्ड नको असेल तर विंडोजमध्ये नेटप्लविझ नावाची चौकट आहे, पण तो पर्याय तिथे दिसत नसेल, तर आधी साइन-इन ऑप्शन्समधला 'फक्त विंडोज हॅलो' चा आग्रह बंद करावा लागतो. आणि लक्षात घ्या, अशाने पासवर्ड नाहीसा होत नाही. यंत्र तो स्वतःजवळ साठवून तुमच्या वतीने भरतं.

हे फक्त घरात राहणाऱ्या डेस्कटॉपपुरतं. लॅपटॉपला नको, ऑफिसच्या यंत्राला तर नकोच. घरात भाडेकरू असेल, येणंजाणं फार असेल किंवा घरातल्याच कुणाचा जाच असेल, तरी नको. तिथे कुलूप हवं आणि किल्ली आपल्याजवळच हवी. बँकेचे पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवलेले असतील तर आधी त्यांची वेगळी व्यवस्था करा.

डिस्कचं कूटबद्धीकरण मात्र चालू ठेवा, तेच चोराविरुद्धचं खरं कुलूप. २०२४ च्या विंडोज ११ आवृत्तीपासून, नव्याने बसवून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन-इन केलं, तर ते बहुतेक यंत्रांवर आपोआप चालू होतं. म्हणजे वहिनींसाठी मी केलेली युक्ती अशा यंत्रावर चालणार नाही. त्याची अठ्ठेचाळीस आकडी किल्ली असते. ती आजच कागदावर छापा आणि जिथे घराची कागदपत्रं आहेत तिथे ठेवून घरच्यांना सांगा. आमची स्वयंपाकघरात, डब्यांच्या फडताळात वरच्या कप्प्यात आहे.